ग्रिम्सपाउंडची चूल

डेव्हन परगण्यांतील डार्टमूरच्या माळावर आम्ही उभयतां ग्रिम्सपाउंड पाहण्यास गेलों, तेव्हां धुकें दाट होतें. दगडी कोटाच्या आंत कांस्ययुगांतील २४ वाटोळ्या घरांचे अवशेष आहेत. पण आम्हांस ते नुसते धोंड्यांचे ढीग भासले. इतक्यांत पश्चिमेस ढग फाटले. तिरप्या उन्हांत भिंतींचीं वर्तुळें उमटलीं, दारें ओळखूं येऊं लागलीं. १८९४ सालच्या उत्खननांत येथें चुली सांपडल्या होत्या. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं कोणा गृहिणीनें त्या एके दिवशीं शेवटच्या विझविल्या असतील!

कोंकणांतलें आमचें बंद घर विकण्याचें आम्हीं ठरविलें होतें. ऊन सरलें, धोंडे पुन्हां धोंडे झाले. परततांना आम्ही बोललों नाहीं. रात्रीं मात्र धाकट्या भावास कळविलें, "घराचा व्यवहार तूर्त थांबव."