सर्किट

आमच्या लालबागेत एखाद्या माणसाच्या डोक्याविषयी थोडक्यात मत द्यायचं असेल, तर 'जरा सर्किट आहे' एवढं म्हणतात. वेडा म्हटलं तर भांडण होतं आणि विक्षिप्त म्हटलं तर कोणाला कळत नाही. 'सर्किट' म्हटलं की दोन्ही बाजूंचं समाधान होतं. २००३ साली मुन्नाभाईच्या सिनेमानं या शब्दाला बरीच प्रतिष्ठा मिळवून दिली. पण हाच शब्द इंजिनिअरिंगच्या पोरांना अभ्यासाला असतो, त्यावर ऐंशी मार्कांचा पेपर निघतो आणि त्यात माणसं नापास होतात, हे ज्ञान मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी झालं. ते मला आमच्या भाचेरावांनी दिलं.

भाचेराव म्हणजे कणकवलीच्या ताईचे चिरंजीव. इंजिनिअरिंगला मुंबईत प्रवेश मिळाला आणि ते आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत दाखल झाले. कॉलेजचं नाव सांगत नाही. व्ही.जे.टी.आय. नव्हे एवढंच सांगतो, तिथं जायला टक्के कमी पडले. २०१८ सालच्या जून महिन्यात एका रात्री जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, "मामा, सर्किटची के.टी. लागली."

मी म्हटलं, "पुन्हा?"

"पुन्हाच."

इथं सांगायला हवं, की भाचेरावांच्या शिक्षणकर्जाला जामीन मी आहे. बँकेत वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जामीनदारांना कागदावरचा बारीक मजकूर वाचून दाखवत आलो. स्वतः सही करताना मात्र चष्मा घरी विसरलो होतो.

"पास व्हायला किती लागतात?" मी विचारलं.

"ऐंशीपैकी बत्तीस."

"म्हणजे तोंडात दात असतात तेवढेच!"

"मला चौदा पडले," भाचेराव म्हणाले. कॉटवर बसलेल्या आमच्या वडिलांनी कवळी सारखी केली आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या रात्री कळलं, की दोष भाचेरावांचा नव्हताच. दोष सरांचा होता. सगळं कॉलेज सरांना 'सर्किट' म्हणत असे, आणि ते विषयामुळे की स्वभावामुळे, याबद्दल पोरांतच दोन तट होते. सर जिन्यातूनच शिकवायला सुरुवात करत आणि वर्गात पोचेपर्यंत अर्धं गणित झालेलं असे. हातात एकच खडू, डस्टर नाही. फळा भरला की ते आधीच्या गणितावरच पुढचं लिहीत. फळ्यावर कोणालाच काही दिसेनासं झालं, की मागं वळून म्हणत, "हे उघड आहे."

"पण मामा, खरी गोष्ट वेगळीच," भाचेराव म्हणाले. "टेस्टमध्ये सगळं गणित बरोबर असलं आणि शेवटचं एक चिन्ह चुकलं, अधिकचं उणे झालं, तरी ते शून्य देतात. मी विचारलं, सर, पद्धत तर बरोबर होती? तर म्हणाले, वायर उलटी जोडलीस आणि घर जळलं, तर घराला सांगशील का, की पद्धत बरोबर होती?"

मला हे सर एकदम आवडले नाहीत.

तरीही जामीनदार या नात्यानं मी पुस्तक उघडलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या वेळी विज्ञानाला प्रॅक्टिकलची फी लागे आणि कॉमर्सला एक वही पुरे, म्हणून मी कॉमर्सला गेलो. कॉमर्सवाल्याला काय कळणार, असं मनाशी ठरवूनच बसलो होतो. पण पहिल्याच धड्यात ओळखीचे लोक भेटायला लागले. ओमचा नियम शोधणारा ओम हा शाळामास्तर. १८२७ साली त्यानं तो छापला, तेव्हा लोकांनी काही हार घातले नाहीत. थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर, म्हणजे आमच्यासारखाच सरकारी नोकर. १८८३ साली ऑफिसचं काम सांभाळून त्यानं प्रमेय मांडलं. आम्ही ऑफिसचं काम सांभाळून जास्तीत जास्त भिशी चालवतो. आणि किरचॉफ! या गृहस्थानं १८४५ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, विद्यार्थी असताना दोन नियम मांडले आणि पुढच्या सगळ्या विद्यार्थ्यांची झोप उडवली. तो १८८७ साली वारला. त्याच १८८७ साली मुंबईत व्ही.जे.टी.आय. सुरू झालं. एका टोकाला पुरवठा बंद होतो आणि दुसऱ्या टोकाला चालू होतो, तो असा.

किरचॉफचा पहिला नियम वाचला आणि मी ताडकन उठून बसलो. तारांच्या जोडावर जेवढा करंट आत येतो तेवढाच बाहेर जातो. अहो, ही तर आमची कॅश टॅली! कॅशिअरकडे जेवढं आलं, तेवढं एक तर गेलं, नाही तर पेटीत आहे. हा नियम आम्ही रोज संध्याकाळी सिद्ध करतो, पण त्याला कोणी आमचं नाव दिलं नाही. दुसरा नियम म्हणजे, सर्किटमध्ये फिरून मूळ जागी आलात की सगळे चढ आणि सगळे उतार मिळून शून्य. तो मला चाळीत समजला. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरा, पलीकडच्या जिन्यानं तिसऱ्यावर चढा, तिथून आपल्या दारात परत या. जेवढं चढलात तेवढंच उतरलात, हिशेब शून्य. गुडघ्यांना मात्र हा नियम मान्य नाही.

पॅरलल सर्किट भाचेरावांना मीच शिकवलं. म्हटलं, "लालबागच्या राजाकडे ये. १९३४ पासूनचा गणपती. नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग. एकीत अडथळा जास्त, एकीत कमी. माणसं कमी अडथळ्याच्या रांगेत जास्त जातात, पण म्हणून दुसरी रिकामी राहते का?"

"नाही राहत."

"आणि एखादा ओळखीच्या माणसाचा हात धरून बाजूच्या फाटकातून आत शिरला तर?"

भाचेराव क्षणभर थांबले. "शॉर्ट सर्किट!" ते म्हणाले आणि गेल्या सहा महिन्यांत प्रथमच हसले.

एवढं यश डोक्यात गेल्यामुळेच माझ्या हातून पुढचा मूर्खपणा झाला. एका रविवारी, भाचेरावांना न सांगता, मी सरांच्या घरी गेलो. सर गिरगावात, ठाकूरद्वारच्या आतल्या एका चाळीत राहत. तेव्हा रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चालू होतं आणि जिकडेतिकडे पत्रे उभे होते. चर्नी रोडवरून मी पत्त्याला पोचेपर्यंत मला किरचॉफचा दुसरा नियम दोनदा सिद्ध करावा लागला. बरोबर चिवडा गल्लीतला अर्धा किलो चिवडा नेला होता. रिकाम्या हातानं शब्द टाकू नये, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

दार उघडंच होतं. आत जमिनीवर सहा-सात पोरं बसली होती आणि भिंतीला टेकवलेल्या लहानशा फळ्यावर सर लिहीत होते. दर रविवारी ते नापास पोरांना घरी बोलावून फुकट शिकवतात, हे मला तिथं कळलं. आमच्या भाचेरावांनी घरी हे सांगितलंच नव्हतं, आणि ते त्या सहा-सातांत नव्हतेही. रविवारी ते शिवाजी पार्कला 'अभ्यासाला' जात.

मी चिवडा पुढं केला आणि म्हणालो, "सर, पोरगा गरीब घरातला आहे. जरा बघा."

सरांनी पुडा घेतला, फोडला आणि पोरांत फिरवला. मग म्हणाले, "विद्यापीठाचा पेपर मी तपासत नाही. तो कोणा अनोळखी माणसापुढं जातो. त्याच्यासाठी चिवडा कुठं नेणार? बसा. तुम्ही काय करता?"

"बँकेत आहे."

"छान. मग हे सोडवा." त्यांनी फळ्यावर तीन तारांचा एक जोड काढला. एका तारेतून पाच अँपिअर आत येतात. दुसरीतून दोन बाहेर जातात. तिसरीत किती?

माझ्यासारख्या कॅशिअरला हे विचारायचं? मी ऐटीत खडू घेतला आणि लिहिलं, तीन.

"शून्य मार्क," सर म्हणाले.

पोरं चिवडा खायची थांबली.

"तिसऱ्या तारेवर मी बाण कुठल्या बाजूला काढलाय?"

बाण जोडाकडे होता. आतल्या बाजूला.

"तीन अँपिअर जातात बाहेर. बाण आहे आत. म्हणजे उत्तर उणे तीन. हे उघड आहे."

मी म्हटलं, "सर, आकडा तर बरोबर होता!"

सरांनी खडू खाली ठेवला. "तुमच्या कॅशमध्ये संध्याकाळी पाच रुपये जास्त निघाले, तर घरी जाता?"

"छे! जास्त निघाले तरी ती चूकच. सापडेपर्यंत बसतो. एकदा साडेनऊ वाजले होते."

"पाच रुपयांसाठी?"

"पाच रुपयांसाठी नाही हो. कुणाच्या तरी खात्यात उलटी नोंद झालेली असते. जमा असते ती नावे पडलेली असते..." बोलता बोलता माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"मग मला चिन्ह सोडून द्यायला कसं सांगता?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट, चिवड्यातला शेंगदाणा निवडून त्यांनी मलाच दिला.

पुढच्या रविवारपासून भाचेरावांचं शिवाजी पार्क बंद झालं आणि चर्नी रोड सुरू झालं. ते रोज रात्री मोठ्यानं पाठ करायला लागले. अशाच एका रात्री स्टार-डेल्टाची सूत्रं चालली होती. तीन रेझिस्टन्स त्रिकोणात जोडले की डेल्टा, मधे एका बिंदूला जोडले की स्टार, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं. भाचेराव चौथ्यांदा अडले, तेव्हा कॉटवरून आवाज आला, "स्टार-डेल्टा म्हणजे आपला स्टार्टर काय रे?"

आमचे वडील परळच्या एका मिलमध्ये वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. संपाबद्दल, डॉक्टर सामंतांबद्दल, मागाहून केलेल्या बारीकसारीक नोकऱ्यांबद्दल ते कधीमधी बोलत. मिलमधल्या कामाबद्दल मात्र एक अक्षर काढत नसत. छत्तीस वर्षांत आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"मोठी मोटार एकदम चालू करायची नसते," ते उठून बसत म्हणाले. "पहिल्यांदा लई ओढते. म्हणून आधी हँडल स्टारवर टाकायचं. स्टारमध्ये ती तिसरा हिस्साच खाते. मनात दहापर्यंत मोजायचं, मोटारीचा आवाज ऐकायचा आणि मग डेल्टावर टाकायचं. घाई केलीस तर फ्यूज जातो. जास्त थांबलास तर मोटार तापते."

भाचेराव वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजोबा, तिसरा हिस्सा हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? मीटरवर दिसायचं की."

"अहो, पण हेच सूत्र आहे! तीन सारखे घेतले, तर डेल्टाच्या एक तृतीयांश स्टार येतो! त्याच कॉइल स्टारमध्ये जोडल्या तर करंट तिसरा हिस्साच येणार!" भाचेरावांनी भराभर कागद भरला आणि वडिलांपुढं धरला. वडिलांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं आणि अपूर्णांक त्यांना काही कळले नसणार. पण शेवटी बरोबर तीन आलेला पाहून त्यांनी मान हलवली, मिलच्या साहेबानं काम पास केल्यावर हलवत असतील तशी.

ही गोष्ट भाचेरावांनी सरांना सांगितली. सरांचा निरोप आला, घेऊन या. पुढच्या रविवारी वडील पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून गिरगावला निघाले. मीही बरोबर गेलो, चिवड्याशिवाय. सरांनी त्यांच्या हातात खडू दिला आणि स्वतः पोरांत जमिनीवर बसले. वडिलांनी फळ्यावर हँडल काढलं, मोटार काढली, आणि स्टारवरून डेल्टावर जाताना सगळ्यांसमोर मनात दहा मोजले. खोलीत तेवढा वेळ कोणी हललं नाही. अकराव्याला त्यांनी हात खाली ओढला.

सर म्हणाले, "हे दहा मोजण्याचं मला माहीत नव्हतं."

'हे उघड आहे' असं ते म्हणाले नाहीत, हे सगळ्या पोरांच्या लक्षात आलं. परत येताना गाडीत वडिलांना खिडकी मिळाली. करी रोड येईपर्यंत मोटारी किती होत्या, कुठल्या खात्यात होत्या, हे ते मला सांगत होते. वीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांची खाती बघतोय. हे खातं मी उघडूनच पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला भाचेरावांना शेहेचाळीस मार्क पडले. पुढं ते रीतसर इंजिनिअर झाले आणि ठाण्याला नोकरीला लागले. कर्जाचे हप्ते त्यांच्याच खात्यातून जातात. चाळीतले दिवे गेले की मात्र ते मोबाइलचा उजेड धरतात आणि फ्यूज आजोबा बघतात.

माझ्यात झाला तो फरक एवढाच. परवा संध्याकाळी कॅशमध्ये सात रुपयांचा फरक आला. शेजारच्या काउंटरवरचा नवा मुलगा म्हणाला, "काका, सोडा ना. सात रुपये मी खिशातून टाकतो."

मी म्हटलं, "सात रुपये जास्त आहेत की कमी?"

"काय फरक पडतो?"

मी त्याला जवळ बसवलं आणि दिवसभराच्या सगळ्या पावत्या पुन्हा काढल्या. आठ वाजून दहा मिनिटांनी चूक सापडली. साडेतीन रुपयांची एक जमा, नावे पडली होती. आकडा बरोबर होता, चिन्ह उलटं. मी त्याला म्हटलं, "हे उघड आहे."

तो पिशवी उचलून निघाला. दारातल्या वॉचमनला तो हळूच काय म्हणाला, ते मला ऐकू आलं.

"हे काका जरा सर्किट आहेत."

बी.कॉम.ची पदवी घेतानाही मला एवढा आनंद झाला नव्हता.