सांबाराची जुडी

आमच्या सौ.चा धाकटा भाऊ मॉरिशसला नोकरीस असतो. त्याच्या आग्रहावरून मागील सुट्टीत आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो. तेथल्या निळ्या समुद्राचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी सांगतो ती एका सोमवारची, आणि साध्या भाजीबाजाराची गोष्ट.

भावाला वरोऱ्याची सांबारवडी करून घालायची, असे सौ.ने ठरविले होते. (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझाही जन्म वरोऱ्याचाच, पण एम.ए. झाल्यापासून मी कोथिंबीर म्हणतो. कॉलेजातल्या एका खेड्यातल्या पोराने निबंधात ‘सांबार’ लिहिला, तेव्हा मी त्यावर लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला होता.) तेव्हा सांबारासाठी आम्ही बसने माहेबुर गाठले.

बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचे हे जुने गाव. १८१० साली येथल्या पाण्यात फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरविले. त्याच वर्षअखेर बेट मात्र इंग्रजांनी घेतले. दर सोमवारी समुद्रालगत बाजार भरतो. ताडपत्र्यांखाली कपडे, टोप्या, मसाले, भाज्यांचे ढीग—थेट आपला आठवडी बाजार. फक्त धुळीऐवजी खारा वारा. कढईतून ‘गातो पिमां’ निघत होते. नाव फ्रेंच वळणाचे, चव आपल्या डाळवड्याची! भेंडी तेथे ‘लालो’ झालेली.

एका म्हातारीच्या दुकानापाशी मेव्हणा हळूच म्हणाला, “भाऊजी, ही मराठी आहे.”

झाले! १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला करारबंद मजूर येथे आणले गेले, त्यांत रत्नागिरीकडची माणसेही होती, हे मी वाचले होते. वीस वर्षे मराठी शिकवीत असल्याच्या ऐटीत मी म्हणालो, “आजीबाई, कोथिंबीर आहे का?”

तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मेव्हण्याने बोट दाखविले, तेव्हा म्हणाली, “कोतोमिली!” हा शब्द तमिळ मजुरांच्या कोत्तमल्लीचा. पुढचे ती क्रिओलमध्ये बोलली आणि मेव्हण्याने सांगितले : गणपतीची आरती तिला सबंध पाठ आहे, पण मराठी बोलता येत नाही. आजी चिडली की मराठीत शिव्या घालायची, तेवढ्या मात्र कळतात.

माझ्या मनात मराठीच्या भवितव्यावर एक दुःखद व्याख्यान जुळू लागले होते. इतक्यात म्हातारीची दहाबारा वर्षांची नात सौ.च्या कापडी पिशवीवर बोट ठेवून वाचू लागली, “आ-नं-द-व-न.” ती शाळेत मराठी शिकत होती! सौ.ने तिला जवळ घेतले, जुडी उचलून विचारले, “आणि हे काय ग?”

“कोथिंबीर,” पोरीने पुस्तकातला शब्द सांगितला.

“सांबार म्हण, सांबार!”

पोर गोंधळली. मी मास्तर आहे हे मामाने तिला सांगून ठेवले होते. ती माझ्याकडे पाहू लागली.

“दोन्ही बरोबर,” मी म्हणालो.

म्हातारीने पैसे घेऊन वर एक जुडी तशीच टाकली.

परतीच्या बसमध्ये सौ. मांडीवर पिशवी घेऊन बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, त्या पोराचा अर्धा गुण कापला होता ना तुम्ही?”

मी खिडकीतून ऊस पाहत राहिलो.