झाडाची हजेरी

कॉम्प्युटरमधले झाड उलटे असते. मूळ वर, पाने खाली. फाईल शोधताना डावीकडे फोल्डरच्या आत फोल्डर दिसतात, ते असेच झाड. त्यातल्या प्रत्येक नावाला 'नोड' म्हणतात. वरचा नोड 'पेरेंट', त्याखालचे 'चाइल्ड', म्हणजे सरळ पालक आणि मुले.

यंदा पालक दिनासाठी आमच्या कॉम्प्युटर क्लबला असे झाड पडद्यावर दाखवायचे होते. वर शाळा, खाली चार हाऊस, प्रत्येक हाऊसखाली कॅडेट. आपल्या शाळेत देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून मुले येतात. दोन रात्री रेल्वेत काढून आलेले आई-बाबा आधी आपल्या मुलाचे नाव शोधतात, मग ते नोटीस बोर्डावर असो की खोलीच्या दारावर. मी सहावीत असताना माझ्या आईनेही तेच केले होते.

प्रोग्राम गेल्या वर्षीच्या दहावीने पायथनमध्ये लिहून ठेवला होता. आम्हाला त्यात फाईलमधून २८० नावे घालायची होती. प्रोग्राम चालवला. चारही हाऊस दिसली, पण खाली एकही कॅडेट नाही. आणि एररही नाही! एरर आली असती, तर निदान कुठली ओळ बिघडली ते कळले असते.

सर म्हणाले, "अंदाज बांधू नका. एकेक शक्यता तपासून बाद करा."

पहिली शक्यता: नावे आत आलीच नसतील. मोजली, तर २८० भरली. दुसरी: फांदी मिटलेली असेल. नोड सुरुवातीला मिटलेलाच असतो, पण खाली मुले असली की त्याच्याशेजारी उघडण्याची छोटी खूण दिसते. आमच्या हाऊसशेजारी ती खूण नव्हती. म्हणजे फांदी मिटलेली नव्हती, रिकामी होती. उरली तिसरी: मुले पालकापर्यंत पोहोचत नसतील.

इथे एक गंमत कळली. आमच्या यादीत पालकाकडे मुलांची नोंद नव्हतीच. मुलाच्या ओळीत आपल्या हाऊसचा क्रमांक असतो, आणि प्रोग्राम त्यावरून जोड्या लावतो. क्रमांक जुळला नाही, तर 'या हाऊसमध्ये कोणी नाही' असे समजून तो गुपचूप पुढे जात होता.

दोन्हीकडचे क्रमांक छापले. इकडे १, तिकडेही १. मग पायथनच्या नजरेला ते जसे दिसतात तसे छापले. कॅडेटच्या क्रमांकाभोवती अवतरणचिन्हे होती! सीएसव्ही फाईलमधले सगळे पायथन मजकूर म्हणून वाचतो. हाऊसचा १ होता संख्या, कॅडेटचा १ होता अक्षर. आपल्याला दोन्ही सारखे, पायथनला वेगळे.

वाचतानाच क्रमांकाची संख्या करणारी एक ओळ घातली. या वेळी मात्र एरर आली. तीन ओळींत क्रमांकाची जागा कोरी होती. सहावीत उशिरा आलेल्या तिघांना अजून हाऊस मिळाले नव्हते. "तीन ओळी वगळूया, २७७ तर दिसतील," असे एकाने सुचवले. सोपे होते. पण त्या तिघांचेही आई-बाबा येणारच होते. थोडा वाद झाला आणि आम्ही पाचवी फांदी काढली: 'हाऊस मिळायचे आहे'.

शेवटी आणखी एक तपासणी घातली. वाचलेल्या ओळी किती, दिसलेली नावे किती? आकडे जुळले नाहीत, तर प्रोग्रामने थांबून तसे सांगायचे. ही कल्पना पुस्तकातली नाही, रोजच्या फॉल-इनमधली आहे. एकूण किती, हजर किती, गैरहजर किती, हा हिशेब जुळल्याशिवाय आपल्याला कोणी सोडत नाही. रांगेत कोणी नसेल, तर ते कुणीतरी मोठ्याने सांगावेच लागते.

पालक दिनाच्या आदल्या दिवशी तिघांनाही हाऊस मिळाले आणि पाचवी फांदी रिकामी झाली. ती आम्ही तशीच ठेवली आहे. पुढच्या वर्षीही कोणीतरी उशिरा येईलच.