पापड, राळे आणि क़ाफ

मे महिन्यात कुवेतहून भाचरं जामसंड्याला आली की घर भरून जातं. यंदा आंबे खाता खाता खेळ रंगला. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ भरभर म्हणताना आम्हा सगळ्यांचेच पापड मोडले. ‘काळे राळे, गोरे राळे’ म्हणताना भाचरांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ झाला. अम्मी पोट धरून हसली.

मग भाचीने डाव उलटवला. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. त्यातला क़ाफ पडजिभेजवळून निघतो. साधा काफ उच्चारला तर होतो ‘कल्ब’, म्हणजे कुत्रा! अम्मीच्या तोंडून दर वेळी कुत्राच आला. मुलं खिदळली.

त्या संध्याकाळी अम्मीने तिलावत मोठ्याने केली नाही. आमच्या मनाला ते लागलं. आम्ही मुलांना बुखारी-मुस्लिममधली हदीस सांगितली: अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्याला दुहेरी सवाब आहे.

भाची उठून अम्मीजवळ बसली. “नानी, तू मला ‘ळ’ शिकव, मी तुला क़ाफ शिकवते.”

परवा फोनवर स्वच्छ ‘काळे राळे’ ऐकू आलं. अम्मीचा क़ाफ अजून वाटेत आहे. तिलावत मात्र पुन्हा ओसरीपर्यंत ऐकू येते.