किल्लो खंय पळान जातलो?

आम्ही सहा चुलत भावंडं. तिघं गिरगावातली, दोघं लालबागची आणि एक डोंबिवलीची ताई. ती सगळ्यांत थोरली, त्यामुळे सगळ्या आठवणींवर शेवटचा शिक्का तिचा. परीक्षा संपली की मालवण. सुट्टीत माणसं दुसरीकडेही जातात, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आता लोक तिकडे तीन दिवसांसाठी जातात आणि तारकर्ली, देवबाग, सिंधुदुर्ग सगळं उरकून सोलकढी पिऊन परततात. आम्ही ओळीने पंधरा मे महिने मालवणात काढले आणि किल्ल्यात गेलो फक्त एकदा. सांगितलं तर खोटं वाटतं. बाजारात मासे आणायला गेलं की बंदरावरून तो समोरच दिसायचा, पाण्यात बसलेला. आम्ही आजीच्या मागे लागायचो. तिचं उत्तर ठरलेलं, "आज रातांबे फोडूचे आसत. किल्लो खंय पळान जातलो?"

मालवणला पोचायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची आणि ती राखायला एकाला बसवायचं. तो एक म्हणजे बहुतेक मीच. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत बोट खाली सरकायची. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक, त्यामुळे ती लांबच नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून होड्या यायच्या. बोट वर, होडी खाली, मध्ये काळं पाणी. खालचा माणूस ओरडायचा, वरचा आम्हाला काखेत धरून खाली सोडायचा. ट्रंका, वळकट्या, पोरं, सगळं एकाच पद्धतीने. ताई म्हणते, रात्रीचे दोन वाजलेले असायचे. दादा म्हणतो, छे, उजाडलेलं असायचं, त्याला किल्ल्याची तटबंदी दिसलेली आठवते. धाकट्याला फक्त ओकारी आठवते. या एका मुद्द्यावर आमचं तीस वर्षं भांडण आहे.

परतीला आंब्याच्या पेट्या घेऊन लाल एसटी, कारण पावसाळा तोंडावर आला की बोट बंद. एसटीबद्दल कुणी काही बोलत नाही. त्या प्रवासात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

घरात सुट्टी वगैरे काही नसे. मे महिना म्हणजे पावसाळ्याची बेगमी. रातांब्यांचे ढीग पडवीत यायचे आणि आम्ही गोल करून बसायचो. फळ फोडायचं, बिया आणि गर एका भांड्यात, साल वेगळी. गरात मीठ घालून रस सुटला की त्यात सालं बुडवायची, खळ्यात उन्हाला घालायची. दुसऱ्या दिवशी परत त्याच रसात, परत उन्हात. अशी पाच-सहा पुटं बसली की सालं काळी, चिवट आणि अंगाला मऊ व्हायची. मग ती सोलां. बियांचंही काही वाया जायचं नाही. त्या वाळवून, कुटून, उकळून वर तरंगणारं तेल गोळा करायचं आणि थिजायला लागलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. तेच मुठेल. बोटांचे ठसे तसेच राहायचे त्यावर. हिवाळ्यात गिरगावात आई ते टाचांना चोळायची आणि आम्ही ठसे बघून सांगायचो, हा ताईच्या मुठीचा, हा आजीचा. आजीच्या मुठीचा गोळा ओळखायला सोपा, तिचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं.

आमची बोटं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लालसर. शाळेत बाई विचारायच्या, मेंदी काढलीस का रे?

संध्याकाळी मात्र आजी सोडायची. चिवल्याला रापण ओढायची असली की दोरीला हात लावणाऱ्याला कुणी अडवत नसे. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे ओढत आणायचं, वाळूत टाचा रोवून. आम्ही ओढत नव्हतो, दोरीला लोंबकळत होतो. तरी शेवटी ओंजळभर तारले नाहीतर बांगडे कुणीतरी आमच्या पिशवीत टाकायचंच. तो आमचा वाटा. घरी आलो की काकू ते वाटपाचे मासे वेगळे शिजवायची, म्हणजे आम्हाला ते आमचे वाटावेत. बाकी दिवशी खेळताना कुठेही असलो तरी हाक यायची, "पोरांनू, खंय आसास? जेवक येवा!" त्या हाकेत पोरं मोजलेली नसायची, शेजारची दोन जास्तीची असली तरी पान मांडलं जायचं.

1981 साली 1 मेला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. पोस्टकार्डावर पत्ता बदलायचा होता. आजी पुढे कित्येक वर्षं 'जि. रत्नागिरी'च लिहून घेत होती आणि पत्रं पोचत होती, म्हणून तिला बदलायचं कारण दिसलं नाही.

किल्ल्यात गेलो ते 1976 च्या मेमध्ये. काकांच्या ऑफिसातले मित्र सहकुटुंब आले होते, पाहुण्यांना दाखवायला हवंच. होडी अगदी जवळ गेली तरी दरवाजा सापडेना, तटाने तो असा काही वळसा घालून लपवलाय. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेले महाराजांचे हाताचे आणि पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी 1695 मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आणि समुद्राच्या मधोमध गोड पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दहीबावीचं पाणी आंबट लागलं, असं धाकटा शपथेवर सांगतो. त्या दिवशी त्याने सकाळपासून रातांब्याच्या बिया चोखल्या होत्या, हे तो सांगत नाही.

ज्या मोरयाच्या धोंड्याशेजारून आम्ही दांडीकडे हुंदडायला जायचो, तिथेच 25 नोव्हेंबर 1664 ला या किल्ल्याचं भूमिपूजन झालं, हे मला चाळिशीत कळलं. धोंड्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेत. आम्ही त्याला टेकून पायातली वाळू झटकली आहे.

गेल्या वर्षी सहाजण परत गेलो. रेल्वेने कुडाळला उतरून. घर आता बंद असतं, म्हणून खोल्या घेतल्या, लाईफ जॅकेट घालून किल्ल्यात गेलो आणि दोन फांद्यांच्या माडाखाली भांडलो. त्या माडाचा एक फाटा वीज पडून गेला असं सांगतात. 76 साली आम्ही बघितला तेव्हा दोन शेंडे होते की एक? ताई म्हणते दोन. दादा म्हणतो एक, दुसरा आजीच्या गोष्टीतला. पण आजी कधी किल्ल्यात गेलीच नव्हती, हे तेव्हा एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

परतल्यावर ताईने पुरावा शोधून काढला, काकांनी उसन्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो. माडाच्या बुंध्याशी आम्ही सहाजण रांगेत, लालसर बोटं पाठीमागे लपवून. एकेकाच्या चपला, अंगठे, वाळूतली सावली, सगळं स्वच्छ आलंय. माड खांद्यापर्यंतच आलाय. वर फोटो संपलाय.