पाच अँपिअरचा मीटर

2014 ते 2023 अशी नऊ वर्षं आम्ही नेपाळमध्ये, काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरला राहिलो. नवऱ्याची नोकरी तिथे होती. पहिल्याच हिवाळ्यात घरमालकीण आमांनी एक छापील कागद हातात दिला. लोडशेडिंगची तालिका! आपला गट कोणता ते बघायचं आणि पंप, मिक्सर, इस्त्री वीज असेल त्या वेळात उरकून घ्यायची. दिवसाला दहा-बारा तास वीज नसे. तिथले बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या नदीवर चालतात, पाणी साठवणारं म्हणावं तर कुलेखानीचं धरण. थंडीत नद्यांचं पाणी ओसरलं की वीजही ओसरते.

2015 च्या सप्टेंबरअखेरीस भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूक अडली. ती भारताने अडवली असं तिथले लोक म्हणत. नेपाळचा स्वयंपाकाचा गॅस सगळा भारतातून येतो. तो थांबला आणि पुढे पुढे अर्धे भरलेले सिलिंडर मिळू लागले, तेही रांगेत उभं राहून. आमांनी अंगणात तीन विटा मांडल्या आणि त्या वर्षीच्या भूकंपात पडलेल्या जुन्या घराची लाकडं जाळून भात शिजवला. लोकांनी इंडक्शन शेगड्या घेतल्या, पण त्या चालवायला वीज कुठे होती? त्या चार-पाच महिन्यांत भारतीय म्हणून गल्लीतून जाताना माझी मान वर होत नसे. आमांनी मात्र एका शब्दाने बोल लावला नाही.

2016 मध्ये कुलमान घिसिङ नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे प्रमुख झाले. भारतातून नव्या वाहिनीने वीज येऊ लागली होती. आहे ती वीज कोणाला किती द्यायची याची घडीही त्यांनी नव्याने बसवली. त्या वर्षीच्या तिहारात, म्हणजे आपल्या दिवाळीत, आमच्या गल्लीतली वीज गेली नाही. आमा रात्री दोनदा उठून दिवा लावून बघत होत्या. 2018 मध्ये देशभरातल्या घरांचं लोडशेडिंग संपल्याचं जाहीर झालं.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला खरं सांगायचंय ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या दिदीचं. तिचं गाव काभ्रे जिल्ह्यात, पनौतीच्या पुढे डोंगरात. सरकारने 2021 मध्ये पाच अँपिअरच्या मीटरवर महिन्याला 20 युनिटांपर्यंतची वीज मोफत केली, फक्त किमान आकार भरायचा. दिदी आनंदाने बिल दाखवायला घेऊन आली. मीही हौसेने माझी जुनी इंडक्शन शेगडी तिला दिली.

पुढच्या दशैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, तिच्या घरी गेले तर शेगडी फळीवर, वर फडकं झाकलेलं. मी लोखंडी कढईत पाणी ठेवून ती लावून बघितली. पाणी कोमट होईतो खटकन एमसीबी पडला आणि घरातले दिवेही गेले. पाच अँपिअर म्हणजे साडेअकराशे वॅट, आणि शेगडी दोन हजारांची. आच कमी ठेवली तर चालत होती, पण दिदीची डेकची आणि कुकर अ‍ॅल्युमिनियमचे, ते इंडक्शनवर तापतच नाहीत. मीटर मोठा घ्यावा, तर 20 युनिटांची सवलत जाते. दोन वेळचं रांधायचं तर माझ्या घरीच महिन्याला साठ-सत्तर युनिटं लागायची. गरिबासाठी दिलेली सवलत तिला चुलीपाशीच बसवून ठेवत होती. याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

शेजारच्या घरी गोबरगॅस होता. माझ्या माहेरी, सांगलीकडे, लोखंडी टाकीचा होता. इथे सिमेंटचा घुमट जमिनीत गाडलेला. नेपाळने 1992 पासून यासाठी अनुदान दिलं, बांधकाम तपासून दिलं, आणि लाखो घरांत तो पोचला. त्या घरची भाउजू, म्हणजे वहिनी, काडी ओढते न ओढते तोच निळी ज्योत लागली. पण त्याला शेण हवं. दिदीकडे एकच म्हैस. तिच्यासाठीही रोज मोठ्या भांड्यात कुंडो, म्हणजे कोंडा-पाल्याचं आंबोण, शिजवावं लागतं, ते चुलीवरच.

त्याआधी, 2018 मध्ये, आम्ही भूतानला गेलो होतो. तिथे खेड्यातल्या घरांना महिन्याला 100 युनिटं मोफत होती. पुनाखाजवळ ज्या घरी उतरलो तिथे भाताचा आणि रश्शाचा असे दोन विजेचे कुकर शेजारी शेजारी होते. खोली तापवायला लाकडाची बुखारी होतीच. पण रांधताना त्या बाईंच्या डोळ्यांत धूर नव्हता. ते दिदीच्या घरी आठवलं, आणि 20 आणि 100 यांतला फरक मला कळला.

नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत 92 टक्के घरांत विजेचा उजेड आहे, आणि 51 टक्के घरांचा स्वयंपाक लाकडावर. विजेवर रांधणारी घरं अर्धा टक्का. आपल्याकडे किंवा शेजारी, कुठल्याही सरकारने ‘घरोघरी वीज पोचली’ असं सांगितलं की मी विचारते, भात कशावर शिजतो?

गेल्या तिहारात दिदीचा फोन आला. तिने 15 अँपिअरचा मीटर घेतलाय. बिल वाढलं, पण मुलगा पैसे पाठवतो. सकाळचा चहा आणि भात इंडक्शनवर होतो, स्टीलची डेकची आणलीय. कुंडो अजून चुलीवरच आहे.