सतरा वर्षांनंतरचा अल्बम

मुंबईच्या 'इंडस क्रीड' या रॉक बँडचा 'इव्हॉल्व्ह' अल्बम 2012 साली आला. त्याआधीचा अल्बम 1995 चा, म्हणजे मधे सतरा वर्षं गेली. 1984 मध्ये सुरू झालेला हा बँड आधी 'रॉक मशीन' नावाने ओळखला जायचा. 1993 मध्ये नाव बदललं, त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचं पारितोषिक मिळालं. 1997 मध्ये बँड मोडला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

2010 मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर मात्र तरुण मंडळी घेतली, रुषाद मिस्त्री आणि जय रो कवी. जुनी गाणी वाजवत फिरले असते तरी सभागृहं भरली असती. त्यांनी नवी गाणी लिहिली. प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेली, सावकाश उलगडणारी, एकदा ऐकून हाती न लागणारी. मिक्सिंगला टिम पामर, पॉर्क्युपाइन ट्रीच्या 'इन अ‍ॅब्सेन्शिया'चं मिक्सिंग करणारे. जुन्या चाहत्यांतल्या काहींची तक्रार एकच, पहिल्यासारखं वाटत नाही.

हे वाक्य मी आमच्या बेलापुरात घरातच ऐकलंय. (सीबीडी बेलापूर नव्हे, प्रवरेकाठचं. आमच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा श्रीरामपुरात आहे.) माझे चाचा वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांना उसंत नसायची. मग पोट भरायला सौदीला गेले, एसी दुरुस्तीच्या कामावर, आणि सोळा वर्षांनी कायमचे परतले. पुढच्याच लग्नात सगळ्यांनी धरलं, "चाचा, वो नागिनवाली धुन होने दो!" चाचांनी वाजवायला घेतली. दोन मिनिटांत दम सुटला, ओठ थरथरले. लोक हसले, प्रेमानेच हसले. पण चाचांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं ते दोन वर्षं बाहेर काढलं नाही. चाची म्हणायची, "सौदीत होते तेव्हा फोनवर तरी गुणगुणायचे."

पुढे शेजारच्या एका पोराला शिकवायच्या निमित्ताने पेटी उघडली. आता चाचा खालच्या सुरांत, संथ वाजवतात. श्वास पुरतो तेवढाच सूर धरतात आणि मधली शांतता तशीच राहू देतात. वरातीत याचा काही उपयोग नाही. मला मात्र हे वाजवणं जास्त आवडतं, कारण त्यात ती सोळा वर्षं ऐकू येतात.

परत आलेल्या माणसाकडून आपण आपलीच जुनी वर्षं मागत असतो. आखातातून आलेला बाप मुलांना अनोळखी वाटतो, तो 'बदलला' म्हणून बायको खंतावते. तो तिकडे काय शिकला, काय गमावून बसला, हे विचारायला कुणाला सवड नसते. बेनेगल आणि मंडळींनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पंचविशीचं सोंग आणलं नाही, आणि अल्बमचं नावच 'उत्क्रांत व्हा' असं ठेवलं.

आधी 'प्रिटी चाइल्ड' ऐका, मग 'इव्हॉल्व्ह'मधलं 'फायरफ्लाइज'. दोन्हींची तुलना लगेच करू नका. दुसरं गाणं दोन-तीनदा वाजू द्या.